मेथीचा हत्ती

आमच्या घराला त्या वर्षी मेथीचा वास लागला, तो दिवाळीपर्यंत काही गेला नाही. फोडणीतल्या मेथीचा खमंग वास नव्हे हं. भिजून फुगलेल्या, वाटून चिकट झालेल्या मेथीचा आणि तिच्यात मिसळलेल्या जुन्या वर्तमानपत्रांचा असा तो दमट, कडवट वास होता. बाबांच्या शर्टांना तो लागला, माझ्या वेण्यांना लागला, सकाळच्या पोह्यांनासुद्धा लागला. बाबा इंदूरच्या पोलोग्राउंड भागात लोखंडी कपाटांच्या कारखान्यात होते. तिथे लोक त्यांना विचारायचे, "क्यों भिया, घर पे रोज मेथी के लड्डू बन रिये हैं क्या?" बाबा स्वभावाने गंभीर. ते सांगायचे, "लड्डू नहीं, हाथी बन रहा है." त्यानंतर पुढे कुणी काही विचारत नसे.

बाबांच्या नोकरीपायी आम्ही मिरजेहून इंदूरला आलो होतो आणि कारखान्यामागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहत होतो. इंदुरात मराठी माणसं तेव्हाही पुष्कळ होती, पण आमच्या गल्लीत एकही घर मराठी नव्हतं. सकाळी कारखान्याचा भोंगा व्हायचा, मग समोरच्या चौहान भाभींचा स्टोव्ह भरभरायला लागायचा, आणि त्यानंतर आमच्या दाराची कडी वाजायची. कडी वाजवणारी असायची गाय. रंगाने पांढरी, म्हणून गल्लीत तिला धोली म्हणत. घरातली पहिली पोळी गाईची, हा तिथला नेम, आणि आईने तो चौहान भाभींकडून पहिल्याच आठवड्यात उचलला. ओट्याच्या उजव्या कोपऱ्यावर, जिथे कोवळं ऊन आधी येतं, तिथे ती पोळी ठेवायची. उशीर झाला तर धोली शिंगाने कडी हलवायची. सुरुवातीला आई घाबरून आतूनच पोळी फेकायची. पुढे पुढे ती धोलीशी बोलायला लागली, आणि मग तर भाजीला काय करू हेही तिलाच विचारायला लागली. पोह्यांवर शेव घालणं मात्र आईला बरेच दिवस मंजूर नव्हतं. "पोहे आहेत की भेळ आहे?" असं ती म्हणायची. आज तिच्या मुलीच्या घरात पोहे एक वेळ संपतील, शेव संपत नाही.

आईचं हिंदी भयंकर होतं आणि तिला त्याची अजिबात लाज नव्हती. भाजीवाल्याला ती बेधडक सांगायची, "भैया, ये भेंडी निबर है, कोवळी देव." आणि भाजीवाला निमूटपणे कोवळी भेंडी द्यायचा. मी तिच्या नेमकी उलट. शाळेत पहिल्याच दिवशी माझं हिंदी ऐकून वर्ग हसला होता, तेव्हापासून मी तोंडाला कुलूप लावलं. हजेरीला 'जी' म्हणायचं आणि गप्प बसायचं. सहावीचं सगळं वर्ष असं गेलं. बारा वर्षांच्या मुलीला इतकं गप्प राहणं किती जड जातं ते आता आठवलं तरी माझा जीव कासावीस होतो. घरी आल्यावर मी इतकी बडबड करायची की बाबा वर्तमानपत्र घेऊन ओट्यावर जाऊन बसत.

या सगळ्यात एकच तास माझा होता. जेवणाच्या सुट्टीनंतरचा चित्रकलेचा. व्यास सर यायच्या आधी त्यांची बादली यायची. म्हणजे बादलीचा आवाज यायचा. लोखंडी बादली, तिची कडी गंजलेली. सर चालायला लागले की ती किर्र किर्र वाजे आणि सगळ्या व्हरांड्याला कळे की व्यास सर निघाले. ब्रश धुणं, माती कालवणं, कागद भिजवणं, सगळं त्या एका बादलीत चाले. सायकलवर ती हँडलला लटकलेली असे. सरांचा नियम एकच होता, "बाजार से कुछ नहीं आएगा." घरात जे फेकून देणार तेच आणायचं. आंब्याच्या कोयी, फुटक्या बांगड्या, नारळाच्या शेंड्या, शिंप्याकडच्या चिंध्या. आणि पहिले काही दिवस पेन्सिलीला हात लावायचा नाही. "पहले हाथ को समझने दो, फिर आँख को बताना," असं ते म्हणत. त्या तासाला बोलावं लागत नसे. हात चालले की झालं.

परवाच माझी नात रेवा तिच्या शाळेचं 'आर्ट प्रोजेक्ट' घेऊन आली. माझा हत्ती झाला तेव्हा मी होते, तशी तीही सातवीतच आहे. मोबाइलवरून मागवलेला एक चकचकीत खोका होता. आत पुठ्ठ्याचा हत्ती कापून, घड्या घालून तयार. सोबत सूचनांचा कागद, एवढासा गोंद, हलणारे डोळे. रेवाने दहा मिनिटांत हत्ती उभा केला आणि परत मोबाइल घेतला. मी म्हटलं, "तू काय केलंस ह्यात?" तर म्हणते, "आजी, डोळे चिपकवले ना!" पोरीची चूक नाही. पण मला माझा हत्ती आठवला आणि मी हे प्रकरण लिहायला बसले.

तर सातवीच्या त्या वर्षी आमचा तो तास जाणार असं झालं. मोठ्या बहनजी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, स्वतः वर्गात आल्या. कडक खळीची सुती साडी, जाड चष्मा. हसलेल्या त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी सरांना आमच्यासमोरच सांगितलं की सातवीचं गणित कच्चं आहे, तेव्हा चित्रकलेचा तास गणिताला द्यायचा विचार आहे. सर म्हणाले, "बहनजी, एक प्रदर्शनी हो जाने दीजिए. बच्चे क्या करते हैं, देख लीजिए. फिर जो आपका हुकुम." बहनजींनी क्षणभर बादलीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ठीक है. प्रदर्शनी देख के तय करेंगे." त्या गेल्यावर मी बाकाखाली हात घट्ट आवळून बसले होते. गणिताची मला भीती नव्हती. पण गणिताच्या मॅडम प्रत्येकीला उभं करून उत्तर तोंडी विचारायच्या. माझा एवढा एक तास गेला तर शाळेत माझं म्हणून काही उरणार नव्हतं.

सरांनी तिघी-तिघींचे गट पाडले. माझ्या वाट्याला रेखा आणि नफीसा आल्या. रेखा मूळ सांवेरची, तिकडे त्यांची शेती. शिकायला मामाकडे इंदुरात राहायची आणि रागावली की गावाकडच्या माळवी बोलीत बोलायची. नफीसाच्या अब्बांचं सायकलचं दुकान होतं, त्यामुळे तिची नखं कायम काळी. विषय कुणी सुचवला ते सांगायला नकोच. भोंडल्याचे दिवस जवळ आले होते, आणि मिरजेत पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती फेर धरायचा असतो हे मी पाटीवर चित्र काढून त्या दोघींना दाखवलं. नफीसा म्हणाली, "पाटे पे क्यों? खड़ा करते हैं ना! इत्ता बड़ा!" आणि तिने हात छातीपर्यंत नेला.

हत्ती आमच्या घरी करायचं ठरलं, कारण आमच्याकडे ओटा होता आणि नाही म्हणायला न येणारी आई होती. बांबूची मोठी टोपली उपडी घातली, ते पोट. तुपाचे चार रिकामे डबे, ते पाय. सांवेरहून रेखाच्या काकांनी बसच्या टपावर टाकून गव्हाचं काड पाठवलं, ते आत कोंबलं. नफीसाने सायकलची जुनी ट्यूब आणली, तिच्यात काड भरून सोंड केली. सुपाचे दोन तुकडे म्हणजे कान. मग या सगळ्यावर थापायच्या लगद्यावरून भांडण जुंपलं. रेखा म्हणे, "म्हारी बई तो पीली मिट्टी नाखे," म्हणजे तिची आई पिवळी माती घालायची. नफीसा म्हणे, सरेस घाला, दगडासारखा होईल. आईने दोघींचं शांतपणे ऐकून घेतलं आणि जाहीर केलं, "मेथी के बिना वो फुटता है." आईच्या माहेरी कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करत. कागद भिजवून कुटायचा, त्यात मेथी वाटून घालायची, कणकेची खळ घालायची. टोपली तडकत नाही आणि तिला कीड लागत नाही. लगद्याची बादली आईच्या स्वयंपाकघरात होती, त्यामुळे आईचंच खरं झालं. गंमत म्हणजे तिच्या हिंदीला त्या दोघी एकदाही हसल्या नाहीत. उलट रेखा तिला "मौसीजी" म्हणायला लागली आणि "फुटता है" हा शब्द तिने उचललासुद्धा.

ते दिवस किती सुखाचे होते! शाळेतून आलं की फ्रॉकची झालर खोचायची आणि लगदा कुटायला बसायचं. आई पाट्यावर मेथी वाटायची, कधी गाणं म्हणायची. नफीसा कोपरापर्यंत लगद्यात. कुटून कुटून भूक लागली की आई कच्चे पोहे तेल-तिखट लावून द्यायची, आणि रेखा त्यावर दप्तरातून आणलेली शेव टाकायची. त्या शेवेला आई काही बोलू शकली नाही, आणि तिथून आमच्या घरात शेव आली. मी मात्र अजून खुणांनी आणि 'हाँ', 'नहीं', 'इधर' एवढ्यावरच काम चालवत होते. त्या दोघींना त्याचं काही वाटत नव्हतं. एकमेकींच्या हाताला हात लावून सोंड वळवायची असली की भाषा कितीशी लागते?

हत्ती उभा राहिला. लगदा थापून, वरून हाताने गुळगुळीत करून. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तो फक्त रंगवायचा राहिला होता. गेरू आणि चुना कालवून तयार होता. "एकदा कडक ऊन दाखवू या, मग रंग बसेल," असं आई म्हणाली. सकाळी आई आणि मी, आम्ही दोघींनी तो आतल्या खोलीतून उचलला आणि ओट्यावर नेऊन ठेवला. उजव्या कोपऱ्यात. जिथे कोवळं ऊन आधी येतं.

वाचणाऱ्याच्या आता लक्षात आलं असेल. आमच्या तेव्हा नाही आलं. त्या दिवशी आईची कणीक मळायची होती, मी वेणी घालत होते, बाबा दाढी करत होते. कडी वाजली नाही, हेच खरं तर लक्षात यायला हवं होतं. धोलीला कडी वाजवायची गरजच पडली नाही. तिच्या नेहमीच्या जागी, तिच्या वेळेला, कणकेचं आणि मेथीचं एवढं मोठं काहीतरी मांडून ठेवलेलं होतं. इतके दिवस एक पोळी देणाऱ्या घराला अखेर सुबुद्धी सुचली, असंच तिला वाटलं असणार. रेखा मला शाळेसाठी हाक मारायला आली आणि तिची किंकाळी आधी ऐकू आली, "या तो खई गी! हाथी के खई गी!"

आम्ही धावलो. सोंडेवरचा सगळा लगदा गेला होता, नुसती काळी ट्यूब लोंबत होती. एक कान नव्हता. एका बाजूने पोट उघडं पडून टोपली आणि काड दिसत होतं, आणि धोली ते काडही ओढून ओढून अतिशय समाधानाने चघळत होती. तिला मारायचं तरी कसं? आई पदराने नुसतं "हाड हाड" करत राहिली. चौहान भाभी बाहेर आल्या, त्यांनी ते दृश्य पाहिलं आणि चक्क हात जोडले. "गणेशजी का परसाद गौमाता ने पा लिया. बड़ा शुभ हुआ!" आई मराठीत म्हणाली, "शुभ काय डोंबलाचं!" आणि ओट्यावर बसून रडायला लागली. तिला रडताना पाहून मीही रडले. तेवढ्यात नफीसा आली. तिने हत्तीकडे पाहिलं, धोलीकडे पाहिलं, धोलीच्या मिशांना लागलेला लगदा पाहिला, आणि ती हसायलाच लागली. हसता हसता ती खाली बसली. मग रेखा हसली. रडणं आणि हसणं यांच्यामधली ती जागा मला अजून आठवते. आपण कुठल्या बाजूला पडणार हे तिथे आपल्या हातात नसतं. मी हसण्याच्या बाजूला पडले. आणि तशी हसत असतानाच मी म्हणाले, "गाय को भी बनाते हैं ना. खाती हुई."

त्या गावात आल्यापासून घरच्यांखेरीज कुणाशी मी बोललेलं ते पहिलं पूर्ण वाक्य. रेखा हसायची थांबली आणि म्हणाली, "हओ! अरे हओ!"

बादलीत लगदा उरलेला होता. शाळेतून आल्यावर आम्ही गाईचं नुसतं तोंड करायला घेतलं. एका लांबट टोपलीवर लगदा, पुठ्ठ्याची शिंगं, आणि नफीसाने लालसर ट्यूब कापून केलेली लांब जीभ. आई अधूनमधून बाहेर जाऊन खऱ्या धोलीचं नाक पाहून यायची आणि आम्हाला सांगायची, "अजून रुंद." पण दुसऱ्या दिवशी दुपारी प्रदर्शन, आणि ओला लगदा वाळायला दोन दिवस लागतात. तेव्हा बाबा, ज्यांनी इतके दिवस हत्तीबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, ते म्हणाले, "उद्या माझ्याकडे द्या." कारखान्यात कपाटांचा रंग वाळवायची एक भट्टी होती. कारखान्यातला साधा खिळा कधी घरी न आणणारा या माणसाने दुसऱ्या दिवशी साहेबांची परवानगी घेतली आणि कपाटांच्या दोन दारांच्या मधोमध गाईचं तोंड टांगलं. साहेब फक्त "जोशी जी, अब ये भी?" एवढंच म्हणाले म्हणे. दुपारी बाबा सायकलच्या हँडलला ते तोंड बांधून शाळेकडे निघाले. चौकातल्या पोलिसाने हात करून सगळ्यांना थांबवलं आणि त्यांना आधी जाऊ दिलं. बाबांनी ही गोष्ट पुढे आयुष्यभर, तीही न हसता, सांगितली.

शाळेच्या हॉलमध्ये आम्ही हत्तीची शाबूत बाजू गेरूने रंगवली, खाल्लेली बाजू तशीच ठेवली, आणि तिथे बाकावर पांढरी चादर टाकून तिच्यातून गाईचं तोंड बाहेर काढलं. जीभ नेमकी सोंडेला. भट्टीत भाजून निघालेल्या मेथीचा वास सगळ्या हॉलभर पसरला होता. पालक येत होते, बघत होते आणि आमच्यापाशी येऊन रेंगाळत होते. शेवटी मोठ्या बहनजी आल्या. मागे व्यास सर, हातात बादली. बहनजींनी चष्मा वर केला. "ये क्या है?" त्या थेट मलाच विचारत होत्या. मी रेखाकडे पाहिलं. नफीसाने मला कोपराने ढोसलं. दाराशी आई उभी होती. तिच्याकडे पाहिलं आणि मनात आलं, हिचं काय अडतं कधी? मग मी बोलायला लागले. पहिली पोळी, ओटा, ऊन, कडी, चौहान भाभींचा परसाद, भट्टी, सगळं सांगितलं. 'कणीक'ला शब्द सापडला नाही तेव्हा कणीकच म्हटलं. लोक हसत होते, पण ते मी सांगेन तिथे हसत होते. सहावीतल्या हसण्याहून हे हसणं किती वेगळं आहे ते मला बोलता बोलताच कळलं, आणि मी धोलीने कसं चघळलं ते करूनही दाखवलं.

बहनजी हसल्या नाहीत. त्या वाकल्या, हत्तीच्या उरलेल्या कानाला त्यांनी नाक लावलं आणि चक्क मराठीत म्हणाल्या, "ह्याच्यात मेथीदाणा टाकला आहे का ग?"

त्या जुन्या इंदुरी मराठी घरातल्या आहेत हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. "हो," मी म्हटलं.

"आणि कणीक पण?"

"हो."

"मग गाय बिचारी काय करेल! आमच्याकडे पण ह्याचे टोपले बनत होते. माझी आई तर मला जवळ नव्हती येऊ देत."

"का?"

"मी चाखून बघायची ना," त्या हळूच म्हणाल्या. लगेच ताठ झाल्या, चष्मा खाली केला आणि सरांना म्हणाल्या, "व्यास जी, पीरियड का सोमवार को देखते हैं." आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या. सरांचा चेहरा उतरला. आमचाही. चाखून बघणारी मुलगी आणि तास गणिताला देणाऱ्या बहनजी, दोघी एकाच साडीत होत्या, आणि सोमवारी त्यांच्यातली कोण येणार ते सांगता येत नव्हतं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत डबा खाल्ला गेला नाही. घंटा झाली तशा सगळ्या आपापल्या जागेवर जाऊन बसल्या. नफीसाने माझा हात धरून ठेवला होता. व्हरांड्यात आधी चपलांचा आवाज आला. चपला गणिताच्या मॅडमच्याही असू शकत होत्या. आम्ही दाराकडे बघत राहिलो. आणि मग, अगदी बारीक, किर्र किर्र.

दारातून आधी बादली आत आली, मागून व्यास सर. त्यांनी ती टेबलावर ठेवली, आमच्यावरून एकदा नजर फिरवली आणि खाकरून म्हणाले, "मेथी किसके घर से आएगी?"

साऱ्या वर्गात सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्याने मी ओरडले, "मेरे घर से, सर!"